चित्राच्या खालच्या काठावरची माणसं

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आंत्वान-झां ग्रो याचं एक अवाढव्य चित्र आहे. उंची सव्वापाच मीटर, रुंदी पावणेआठ मीटरच्याही पुढे. साल १८०८. विषय : आयलाऊच्या रणांगणावर नेपोलियन. पूर्व प्रशियातल्या या गावाशी फेब्रुवारी १८०७ मध्ये भर बर्फात फ्रेंच फौज रशियन आणि प्रशियन फौजांशी भिडली. दोन दिवस कापाकापी झाली आणि शेवटी जिंकलं कोण, हे धड कुणालाच सांगता येईना. फ्रेंच सरकारी पत्रकाने आपले १,९०० सैनिक मेल्याचं जाहीर केलं. खरा आकडा त्याच्या कितीतरी पट होता आणि घरी येणाऱ्या पत्रांतून तो पॅरिसमध्ये झिरपत होता. कुजबुज थांबवायची तर चित्र हवं, हे राज्यकर्त्यांना तेव्हाही कळत होतं. संग्रहालयांचा प्रमुख दनों याने चित्रकारांसाठी स्पर्धा जाहीर केली आणि विषयाबरोबर क्षणही ठरवून दिला. लढाईनंतरचा दिवस दाखवायचा, सम्राट जखमींची विचारपूस करतोय असं दाखवायचं. ग्रो स्पर्धा जिंकला. सम्राटाने आयलाऊला अंगात घातलेला कोटसुद्धा त्याला समोर ठेवून रंगवायला मिळाला.

सांगितलं होतं ते सगळं चित्रात आहे. मध्यभागी फिकट घोड्यावर नेपोलियन, हात उचललेला, चेहऱ्यावर करुणा. एक जखमी त्याच्याकडे कृतज्ञतेने बघतोय. पण नजर तिथे फार वेळ टिकत नाही. ती खाली घसरते. कारण चित्राच्या खालच्या काठाशी, प्रेक्षकाच्या अगदी पायाशी म्हणावं अशी, प्रेतांची रास आहे आणि ती प्रेतं जिवंत माणसापेक्षा मोठ्या मापाची आहेत. निळसर पडलेली कातडी, अंगावर धरलेला बर्फ, संगिनीच्या पात्यावर गोठलेलं रक्त. शेजारी एक रशियन जखमी आहे. त्याला मलमपट्टी करायला आलेल्या माणसापासूनच तो भेदरून मागे सरतोय. सम्राटाची करुणा त्याच्यापर्यंत पोचलेली नाही. पोचेल असं त्याला वाटतही नसावं.

हुकमावरून काढलेल्या चित्रात हे कुठून आलं? ग्रो बंडखोर नव्हता. तो नेपोलियनचा निस्सीम भक्त, चित्रकार दाव्हिदचा आवडता शिष्य. ‘राजाची दया’ मोठी दिसायची तर प्रजेचं दुःखही मोठं दाखवावं लागतं, हा सरळ हिशेब त्याने केला असणार. फक्त तो हिशेब हाताबाहेर गेला. दुःख इतकं मोठं झालं की दयेला ते झाकता येईना.

या पुस्तकात मी जे सांगू पाहतो आहे त्याचं बीज या खालच्या काठात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत युरोपातल्या रोमँटिक चित्रकारांनी युद्धाचं दुःख ‘जास्त भावनेने’ रंगवलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. ते खोटं नाही, पण त्यातून फारसं काही हाती लागत नाही. भावना आधीच्या चित्रांतही होतीच. बेंजामिन वेस्टने १७७० साली जनरल वुल्फचा मृत्यू रंगवला तेव्हा त्यात अश्रूंची कमतरता नव्हती. मात्र ते सगळे अश्रू एका सेनापतीसाठी होते आणि तो मधोमध, उजेडात, सोबत्यांच्या हातांवर मरत होता. साधा शिपाई मरायचा तो कडेला, अंधारात, किंवा घोड्याच्या टापांखाली जागा भरायला. रोमँटिक चित्रकारांनी बदल केला तो जागेत आणि मापात. कडेची माणसं पुढे आली, वर सरकली आणि एक वेळ अशी आली की अख्खं चित्र त्यांनीच व्यापलं. सेनापतीला उभं राहायला जागाच उरली नाही.

हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. लोरेनच्या झाक कालोने १६३३ मध्येच युद्धाच्या हालअपेष्टांवर अठरा मुद्राचित्रांची मालिका काढली होती. तिच्यात लूट आहे, जाळपोळ आहे, झाडाला फळांसारखे लटकवलेले लोकही आहेत. पण कालोची माणसं मुंगीएवढी आहेत. आपण त्यांच्याकडे दुरून, उंचावरून बघतो. त्यांचे चेहरे दिसत नाहीत आणि आपल्याला ते दिसावेत अशी त्याची अपेक्षाही नाही.

ग्रोकडे परत येतो, कारण त्याचं आणखी एक चित्र आयलाऊच्याही आधीचं आहे आणि ते जास्त गुंतागुंतीचं आहे. १७९९ च्या मार्चमध्ये पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरचं जाफा शहर घेतल्यावर नेपोलियनच्या फौजेत प्लेग पसरला. शरण आलेल्या हजारो कैद्यांना तिथे गोळ्या घालण्यात आल्या होत्या. पुढे माघार घेताना आजारी सैनिकांना विष देऊन संपवायला सांगितल्याची बोलवाही युरोपभर झाली. १८०४ मध्ये, म्हणजे नेपोलियन स्वतःला सम्राट करवून घेत होता त्याच वर्षी, ग्रोने रंगवलेल्या चित्रात हा सेनापती हातमोजा काढून रोग्याच्या गाठीला बोट लावतोय. मागचा अधिकारी नाकाशी रुमाल धरून उभा आहे. देवस्थानातल्या चमत्काराचाच हा थाट. कैद्यांचं नाव नाही, विषाचं तर नाहीच. आणि तरी खालच्या कोपऱ्यात एक तरुण वैद्य रोग्याला मांडीवर घेऊन स्वतःच मरायला टेकलाय, त्याच्या आजूबाजूला उघडी, फुगलेली, काळवंडलेली शरीरं आहेत. प्रचाराच्या चित्राला खरं बोलायचं नसतं. पण चित्रकाराच्या हातात ताकद असेल तर खरं कोपऱ्यातून आत येतंच. पुढच्या पिढीने ग्रोच्या चित्रांतला नेपोलियन सोडून दिला आणि कोपरे उचलले.

तेओदोर झेरिको हा त्या पिढीतला पहिला. १८१२ च्या सालाँत, म्हणजे पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनात, एकवीस वर्षांच्या या मुलाने उधळलेल्या घोड्यावरचा तलवार उपसलेला अधिकारी मांडला आणि बक्षीस मिळवलं. १८१४ मध्ये त्याने दुसरं चित्र त्याच्या जोडीला ठेवलं : रणांगण सोडून चाललेला जखमी चिलखती घोडेस्वार. मधल्या दोन वर्षांत रशियाची मोहीम बुडाली होती आणि नेपोलियन पदच्युत झाला होता. साडेतीन मीटर उंचीच्या या चित्रात जखम कुठेच दिसत नाही. रक्ताचा थेंब नाही. घोड्यावरून उतरलेला एक धिप्पाड माणूस उतारावरून घसरत, घोड्याला आवरत खाली येतोय आणि मान वळवून मागे, वर बघतोय. तलवार आता काठीसारखी टेकवायच्या कामाची उरली आहे. शत्रू नाही, सोबती नाहीत, कुठली लढाई तेही कळत नाही. एवढा मोठा कॅनव्हास तोवर राजे-सरदारांसाठी राखलेला असे. तो झेरिकोने एका निनावी माणसाच्या माघारीला दिला. समीक्षकांना चित्र आवडलं नाही आणि झेरिकोलाही पुढे त्यात दोष दिसू लागले. घोडा जरा अवघडलेला आहे, हे खरंच आहे. चारेक वर्षांनी त्याने दगडावरून छापलेल्या एका लहान चित्रात रशियातून परतणारे दोघे काढले. घोड्यावर आंधळा झालेला शिपाई आणि लगाम धरून बर्फातून चालणारा त्याचा एका हाताचा सोबती. माझ्या मते झेरिकोचं युद्धावरचं सर्वांत चांगलं काम हे आहे, आणि ते कागदाच्या एका तावावर मावतं.

आता गोया. या पुस्तकाचा मोठा भाग त्याने अडवला आहे आणि त्याबद्दल मला संकोच नाही.

फ्रान्सिस्को गोया हा स्पेनच्या राजाचा दरबारी चित्रकार. १७९२-९३ च्या आजारपणात तो ठार बहिरा झाला. १८०८ मध्ये नेपोलियनने स्पेन गिळलं, भावाला गादीवर बसवलं, तेव्हा गोया बासष्ट वर्षांचा होता. २ मे रोजी माद्रिदच्या लोकांनी रस्त्यावर फ्रेंच फौजेवर हल्ला केला. त्या रात्रीपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत फ्रेंचांनी पकडलेल्या माणसांना रांगेने उभं करून गोळ्या घातल्या. सहा वर्षं चाललेल्या या युद्धात गोया कुणाच्या बाजूचा होता, असं विचारलं तर सरळ उत्तर मिळत नाही. नव्या राजाशी निष्ठेची शपथ त्याने घेतली, त्याच्याकडून मानचिन्ह घेतलं, त्याच्या सन्मानार्थ चित्रही काढलं. फ्रेंच हाकलले गेल्यावर, फेब्रुवारी १८१४ मध्ये, त्याने हंगामी सरकारला अर्ज केला की युरोपच्या जुलूमशहाविरुद्ध स्पॅनिश जनतेने केलेले पराक्रम मला चित्रात अजरामर करायचे आहेत. अर्ज मंजूर झाला. म्हणजे जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध युद्धविरोधी चित्र हे अर्ज करून, सरकारी पैशाने, आणि काहीसं आपली बाजू सावरायला काढलेलं आहे. याने चित्राला कमीपणा येतो असं मला वाटत नाही. माणूस म्हणून गोया आपल्यातलाच ठरतो, एवढंच.

‘३ मे १८०८’ हे ते चित्र. अर्जात पराक्रम म्हटलं होतं, चित्रात पराक्रमाचा मागमूस नाही. जमिनीवर एक चौकोनी कंदील ठेवला आहे, सगळा उजेड त्याचा. उजवीकडे शिपायांची रांग, आपल्याकडे पाठ करून. टोप्या, पाठपिशव्या, बंदुका, रोवलेले पाय, सगळे एकसारखे, एकालाही चेहरा नाही. डावीकडे चेहरेच चेहरे. पांढरा सदरा आणि पिवळी विजार घातलेला माणूस गुडघ्यांवर आहे. तो उभा राहिला असता तर चित्रातल्या कुणाहीपेक्षा उंच भरला असता, इतकं त्याचं माप मोठं आहे. दोन्ही हात वर फेकलेले, उजव्या तळव्यावर खुणेसारखा एक डाग. क्रुसावरच्या येशूची आठवण स्पेनमध्ये कुणालाही होणारच. पण येशूच्या चेहऱ्यावर जी शांती असते ती इथे नाही. डोळे विस्फारलेले आहेत आणि त्यांत निव्वळ भीती आहे. शेजारी एक भिक्षू हात जोडून वाकलाय. मागून डोंगर चढून येणारी रांग आहे, पुढची पाळी त्यांची, आणि त्यातला एकजण तोंड हातांनी झाकून घेतोय. पुढे रक्तात पालथा पडलेला माणूस. त्याचेही हात तसेच पसरलेले, म्हणजे अर्ध्या मिनिटाने पांढरा सदरा कसा दिसेल ते आधीच सांगून टाकलंय. हे सगळं तो माणूस वीर आहे म्हणून होत नाही. तो त्या रात्री सापडला, एवढाच त्याचा गुन्हा.

या चित्राला आणि त्याच्या जोडीच्या ‘२ मे’ला कित्येक वर्षं प्रादो संग्रहालयाच्या भिंतीवर जागा नव्हती. नंतर मिळाली, आणि मग स्पेनच्या यादवीत, १९३८ मध्ये, सुरक्षित जागी हलवताना ट्रकला अपघात होऊन ‘२ मे’ फाटलं. डागडुजी करताना गेलेला भाग नव्याने रंगवायचं टाळलं होतं. ती खिंडारं २००८ पर्यंत तशीच दिसत होती.

पण गोयाचं खरं काम कपाटात होतं. १८१० पासून दहाएक वर्षं तो तांब्याच्या पत्र्यांवर एचिंग, म्हणजे आम्लाने रेषा कोरून छापायची मुद्राचित्रं, करत होता. युद्धात साहित्य मिळेना, म्हणून जुन्या निसर्गचित्रांचे पत्रे मधोमध कापून त्यांच्या मागच्या बाजूवर त्याने काम केलं. एकेक चित्र हाताच्या पंजाएवढं, फार तर वीतभर. युद्ध, मग माद्रिदचा १८११-१२ चा भयंकर दुष्काळ, आणि शेवटी जुनी राजवट परतल्यावरची अंदाधुंदी. प्रत्येकाखाली दोन-चार शब्दांची ओळ. एका चित्रात शेतकऱ्यांवर संगिनी चालून येतात. लगेच पुढच्यात शेतकऱ्याची कुऱ्हाड शिपायाच्या डोक्यावर आहे आणि खाली लिहिलंय, ‘तेच’. एवढ्यावर आटोपलं. स्पॅनिश म्हणून त्याने स्पॅनिश कुऱ्हाडीला सूट दिली नाही.

मालिकेतलं सव्विसावं चित्र जरा थांबून बघण्यासारखं आहे. गुहेसारख्या काळोखात बायका, पुरुष, मुलं गुडघे टेकून दाटीने बसली आहेत. कुणी विनवतंय, कुणी तोंड लपवतंय. चौकटीच्या उजव्या काठातून, अगदी बोटभर आत, संगिनींची टोकं आली आहेत. बस, टोकंच. बंदुका नाहीत, हात नाहीत, शिपाई नाहीत. मारणारा चित्राबाहेर उभा आहे. गोयाने ‘३ मे’मध्ये शिपायांचे चेहरे काढून घेतले, इथे शिपाईच काढून टाकले. जे चित्रात राहिले ते सगळे सोसणारे. ग्रोच्या कॅनव्हासवर खालच्या काठाशी पडलेली माणसं इथे पूर्ण चौकटभर पसरली आहेत आणि काठावर ढकललं गेलंय ते सैन्य.

दुष्काळाच्या चित्रांकडे लोक घाईने जातात, कारण त्यांत रक्त नाही. तसं करू नका. हाडं निघालेल्या एका बाईच्या ओठांशी दुसरी वाडगा धरते, आणि खालची ओळ विचारते की या वाडग्याने काय होणार. युद्ध म्हणजे गोळी आणि तलवार, असं तोवरची चित्रकला धरून चालली होती. उपाशी मरणंही युद्धच, हे चित्रात येण्याचं हे फार जुनं उदाहरण. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात चित्तप्रसादांनी गावोगाव पायी फिरून काढलेली रेखाचित्रं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नातं वेगळं दाखवायला नको. त्यांच्या ‘हंग्री बेंगॉल’च्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे चित्तप्रसाद मुंबईत येऊन राहिले.

गोयाने ही मालिका स्वतः कधी प्रसिद्ध केली नाही. एका मित्राला त्याने छापांचा एक संच बांधून दिला, तेवढाच. तो १८२८ मध्ये फ्रान्समध्ये, बोर्दोला वारला. माद्रिदच्या सान फेर्नांदो अकादमीने ८० चित्रं ‘युद्धाचे अनर्थ’ या नावाने छापली १८६३ साली. योगायोग असा की त्याच वर्षी जिनिव्हात रेड क्रॉसची पायाभरणी झाली.

एक धागा थेट आपल्या मातीतून जातो, तो इथेच सांगतो. ऑगस्ट १८१२ मध्ये माद्रिदमध्ये विजयी इंग्रज सेनापती शिरला आणि गोयाने त्याचं चित्र काढलं. तो आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. नऊ वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, याच माणसाने आजच्या जालना जिल्ह्यातल्या आसईला शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला होता आणि त्याच वर्षाअखेर विदर्भातला गाविलगड घेतला होता. आपण केलेली सर्वांत चांगली लढाई कोणती, असं म्हातारपणी विचारल्यावर त्याने वॉटर्लू न म्हणता आसई म्हटलं, असं सांगतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत असलेल्या या छोट्या चित्रात छाती पदकांनी भरलेली आहे. १८१४ मध्ये नवे मान मिळाल्यावर गोयाला ती पुन्हा दुरुस्त करावी लागली. पदकांच्या वरचा चेहरा मात्र थकलेला, डोळे ताठ उघडे. आसईच्या रणात पडलेल्यांचं, इकडच्या वा तिकडच्या, असं चित्र कुणी काढलं नाही.

वॉटर्लूचं मात्र काढलं. जे. एम. डब्ल्यू. टर्नर १८१७ मध्ये ते रण स्वतः पाहून आला आणि पुढल्या वर्षी त्याने रॉयल अकादमीत ‘वॉटर्लूचं मैदान’ मांडलं. इंग्रज प्रेक्षक विजय बघायला आले असणार. त्यांना दिसली रात्र, मागे जळणारं शेतघर, आणि मशालीच्या उजेडात प्रेतांच्या ढिगात आपला माणूस शोधणाऱ्या बायका, कडेवर पोरं. फ्रेंच आणि इंग्रज गणवेश एकमेकांवर पडलेत. वेलिंग्टन कुठेच नाही. चित्राचं फारसं स्वागत झालं नाही, यात नवल ते काय.

फ्रेंच चित्रकार देलाक्रवाबद्दल मी थोडा सावध आहे. १८२२ मध्ये ऑटोमन फौजांनी किऑस बेटावरच्या हजारो ग्रीकांची कत्तल केली, हजारोंना गुलाम म्हणून विकलं. सव्वीस वर्षांच्या देलाक्रवाने १८२४ च्या सालाँत त्यावरचं चार मीटरहून उंच चित्र ठेवलं. ग्रीसला तो कधी गेला नव्हता. प्रदर्शनाच्या पुस्तिकेत चित्राच्या नावापुढे, त्या काळची वर्तमानपत्रं पाहावीत, अशी सूचना होती. बातमीवरून एवढं मोठं चित्र काढायचं, हे धाडसच. नावात म्हटल्याप्रमाणे ही कुटुंबं मरणाची किंवा गुलामीची वाट बघताहेत. मेलेल्या आईच्या छातीला तान्हं मूल लागलंय, म्हातारी वर बघतेय, आणि जवळपास कुणीच प्रतिकार करत नाही. दुःख इथे पूर्ण वर चढलं. गंमत अशी की हे चित्र पाहून, ही तर चित्रकलेचीच कत्तल, असं म्हणणारा दुसरा कुणी नसून ग्रो होता. जाफाच्या कोपऱ्यातून हे पोर आलंय, हे त्याला ओळखता आलं नाही, किंवा ओळखूनच तो चिडला. १८३५ मध्ये त्याने सेन नदीत जीव दिला.

सावधपणा कशासाठी? रंगांसाठी. देलाक्रवाचे रंग इतके देखणे आहेत की आकाश, रेशीम, उघडी पाठ बघता बघता कत्तल विसरायला होते. बाईला घोड्याला बांधून नेणारा तुर्क चित्रातला सर्वांत रुबाबदार माणूस आहे. शिवाय ही करुणा दिशा बघून वाहत होती. ग्रीकांसाठी हळहळणाऱ्या फ्रान्सने १८३० मध्ये अल्जीरियात फौजा उतरवल्या, तेव्हा तिथल्या कुटुंबांसाठी असा कॅनव्हास कुणी ताणला नाही. उलट ओरास व्हेर्ने याने अल्जीरियातल्या एका छाप्याचं एकवीस मीटर लांबीचं विजयचित्र रंगवलं, ते व्हर्सायला आहे. सेनापती परत आले होते, आणि जास्त लांबरुंद होऊन आले होते.

चित्रांच्या छपाईबद्दल एक सूचना करतो. गोयाची मुद्राचित्रं या पुस्तकात मूळ आकारातच छापली आहेत, ती हातात धरून, जवळून बघावीत. ग्रो, झेरिको आणि देलाक्रवा यांच्या बाबतीत तसं करणं शक्य नव्हतं. आयलाऊचं चित्र पानावर आणलं की खालच्या काठावरची प्रेतं अंगठ्याएवढी होतात आणि घोड्यावरचा नेपोलियन पुन्हा मुख्य वाटू लागतो. म्हणून त्या काठाचा एक तुकडा वेगळा, दोन पानांवर पसरून दिला आहे. तो आधी बघावा, आणि मग पान उलटून सबंध चित्राकडे यावं.